जुन्या फिरत्या घराचा सायलेन्सर

एक लिटर डिझेल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलचंही तसंच. इंधनातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो आणि वाफ होऊन धुराबरोबर मागे जातो. नळी तापलेली असेल तर ही वाफ सरळ बाहेर पडते, डोळ्यांना दिसतही नाही. नळी गार असेल तर ती सायलेन्सरच्या पत्र्यावर पाणी होऊन बसते. गाडी सुरू केल्यावर टेलपाइपातून ठिबकणारे थेंब ते हेच. या पाण्यात जळलेल्या गंधकाचे वायू विरघळतात, पाणी आम्लधर्मी होतं आणि पत्र्याला आतून खायला लागतं. मालक वरचा रंग बघून निश्चिंत असतो. गंज बाहेर दिसतो तेव्हा आतलं काम बहुतेक संपलेलं असतं.

हा त्रास सगळ्यांत जास्त सोसते ती जुनी, क्वचित चालणारी, मुक्कामाची गाडी. रोज धावणाऱ्या ट्रकचा सायलेन्सर तासन्‌तास तापलेला राहतो आणि कोरडा होतो. फिरतं घर मात्र महिनोन्‌महिने एका जागी उभं असतं. हलवलं तरी माडाखालच्या एका सावलीतून दुसऱ्या सावलीत. इंजिन पाच मिनिटं चालतं, पाणी तयार होतं आणि ते सुकण्याआधीच चावी फिरते. त्यात बाहेरून समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा गोव्याचा पाऊस. अशा गाडीची धुराची नळी आतून आणि बाहेरून एकाच वेळी झिजते.

तरीही ती बदलणं परवडणारं काम आहे, आणि म्हापसा, डिचोली, पेडणे या पट्ट्यात तर विशेष. फक्त पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे एक रुपयाही वाचवायचा नाही, हे आधी ठरलं पाहिजे.

उत्तर गोव्यातल्या या गाड्या

साठ आणि सत्तरच्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा खुश्कीचा रस्ता धरून तरुणांचे जथे भारतात येत. त्यातल्या अनेकांचा मुक्काम उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर पडे. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरलं आणि तो रस्ता तुटला. तरी गाडीतच संसार थाटून येणारे प्रवासी थांबले नाहीत. सीमेवर जकात न भरता गाडी तात्पुरती आत आणता यावी म्हणून ‘कार्ने’ नावाची कागदपत्रं असतात. ती घेऊन, कधी इराण-पाकिस्तानमार्गे, कधी जहाजातून गाडी उतरवून लोक येत राहिले. हिवाळ्यात पेडणे तालुक्यातल्या हरमल, मांद्रे, मोरजीच्या बाजूला परदेशी नंबरपाटीची एखादी जुनी व्हॅन दिसते ती अशी आलेली.

या गाड्यांचे ढोबळ दोन प्रकार. पहिला फोक्सवॅगनच्या ‘टाइप टू’चा. १९५० मध्ये जर्मनीत तयार व्हायला लागलेली, मागे हवेवर थंड होणारं पेट्रोल इंजिन असलेली ही गाडी. दुसरा मर्सिडीजच्या डिझेल व्हॅनचा. त्यांतली ‘२०७ डी’ आणि तिची भावंडं आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची, कारण त्यांचं रूप आपल्या रस्त्यावर रोज दिसतं. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने, म्हणजे २००५ पासूनच्या फोर्स मोटर्सने, जी टेम्पो ट्रॅव्हलर आणली ती याच मर्सिडीज व्हॅनवर बेतलेली. मर्सिडीजचं २.४ लिटरचं ‘ओएम ६१६’ इंजिनही या कंपनीने परवान्याखाली इथेच बांधलं आणि ट्रॅव्हलर, ट्रॅक्स अशा गाड्यांत बसवलं. त्याआधी याच कंपनीची मेटॅडोर मराठी मुलखात लग्नाच्या वऱ्हाडापासून दुधाच्या कॅनपर्यंत सगळं वाहत होती. तिलाही पुढे कुणीकुणी पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून फिरतं घर केलं.

याचा खर्चाशी थेट संबंध आहे. जर्मन नंबरपाटीच्या ‘२०७ डी’चा मालक मॅनिफोल्डच्या गॅस्केटसाठी युरोपात मागणी नोंदवतो, कुरियर आणि जकात भरतो, वाट बघत बसतो. इंजिन ‘ओएम ६१६’ असेल तर जुनं गॅस्केट हातात घेऊन ट्रॅव्हलर-ट्रॅक्सचे सुटे भाग ठेवणाऱ्या दुकानात आधी जावं. भोकाला भोक जुळलं तर काम तिथेच झालं.

दुसरी अनुकूल गोष्ट माणसांची. डिचोली हा लोहखनिजाचा तालुका. खाणीतून बंदरधक्क्यापर्यंत ट्रक, तिथून मांडवीतून बार्जमध्ये आणि पुढे मुरगावला, अशी खनिजाची वाहतूक कित्येक दशकं चालली. ट्रकचे हौदे, चेसिस, सायलेन्सर, बार्जचे पत्रे यांची दुरुस्ती हा त्या व्यवहाराचाच भाग होता. २०१२ मध्ये राज्यातलं खाणकाम थांबलं, पुन्हा चालू झालं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबलं. पण गॅस कटर, वेल्डिंग आणि लेथवर बसलेला हात एका निकालाने जात नाही. म्हापसा आणि थिवीच्या औद्योगिक वसाहती, पेडण्याची तुये वसाहत, डिचोलीची वसाहत आणि तिथल्या आयटीआयमधून बाहेर पडणारी मुलं, या सगळ्यांमुळे नमुना दाखवला की तसं घडवून देणारा माणूस इथे अर्ध्या तासाच्या अंतरावर भेटतो. जिथे तयार भाग सहज मिळतात तिथे हे कौशल्य हळूहळू दुर्मीळ होतं. इथे ते अजून आहे आणि जुन्या गाडीवाल्याची खरी बचत त्यातच आहे.

झोपायच्या खोलीखालची नळी

साध्या गाडीत सायलेन्सर फुटला तर आवाज वाढतो, लोक वळून बघतात. फिरत्या घरात माणसं झोपतात. त्यामुळे इथे प्रश्न आवाजाच्या पलीकडचा आहे.

धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग मळमळ, मग गुंगी, आणि झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाडीला पीयूसी तपासणीत धुरात तीन टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. बंद खोलीच्या हवेत तो एक टक्का जरी झाला तरी काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. डिझेलच्या धुरात तो बराच कमी असतो, पण असतो.

फोक्सवॅगनच्या मालकांनी तर आणखी सावध राहावं. त्या गाडीत आतली हवा गरम करण्यासाठी धुराच्या नळीभोवतीच पत्र्याचं आवरण आहे. इंजिनाचा पंखा त्यातून हवा ढकलतो आणि ती गरम हवा घरात येते. आतली नळी कुजली की धूर थेट त्या हवेत मिसळतो. युरोपच्या हिवाळ्यात ही सोय हवीच. गोव्यात तिची गरज नाही. नवी आवरणं घेणं परवडत नसेल तर गरम हवेचे मार्ग इंजिनाच्या बाजूनेच टोपण बसवून कायमचे बंद करावेत. खर्च नगण्य, आणि विषाचा सगळ्यांत मोठा रस्ता बंद होतो.

चौकोनी, उंच पाठीच्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. गाडी धावताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि मागे सोडलेला धूर फिरून परत पाठीकडे ओढला जातो. मागचं दार नीट बसत नसेल किंवा मागची खिडकी उघडी असेल तर तो आत शिरतो. म्हणून टेलपाइप बॉडीच्या कडेच्या बाहेर आलाच पाहिजे. पाइप दोन इंच आखूड ठेवून काहीच वाचत नाही.

आधी तपासणी

नवं काही घेण्याआधी जुनं वाचायला शिकावं. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घेऊन, नळी पूर्ण गार असताना पुढून मागे तपासत जावं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलं की शाबूत पत्रा खणखणीत वाजतो आणि कुजलेला बद्द. बद्द आवाज आला तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबावं. आत गेलं तर आत्ताच जाऊ दे, तो तुकडा वाचवण्यासारखा नाही. सायलेन्सरच्या तळाची शिवण, दोन्ही टोकांच्या झाकणांच्या कडा आणि पाइप सायलेन्सरमध्ये शिरतो ती जागा, पाणी साचतं ते इथेच.

मग इंजिन सुरू करून मंद चालू ठेवावं आणि जोडीदाराला ओलं फडकं टेलपाइपाच्या तोंडाशी क्षणभर धरायला सांगावं. आतला दाब वाढतो आणि जिथे गळती असेल तिथून फुसफुस ऐकू येते. जोडांवर साबणाचं पाणी सोडलं तर बुडबुडे दिसतात. मॅनिफोल्डजवळ पाणी नको. तिथे काळा काजळीचा पट्टा शोधावा. धातूवर काजळीची जीभ बाहेर आलेली असेल तर गॅस्केट गेलं आहे किंवा मॅनिफोल्डला तडा आहे. ही सगळी तपासणी मोकळ्या हवेत करायची, शेडचं दार लावून नव्हे.

बहुतेक वेळा चित्र असं निघतं: इंजिनाजवळचा भाग जाड आणि शाबूत, मधला बरा, मागचा अर्धा गेलेला. पुढचा भाग इतका तापतो की पाणी त्यात टिकतच नाही. मागचा भाग गार राहतो आणि सगळं पाणी झेलतो. खर्चाचा सगळा हिशोब या एका निरीक्षणावर उभा करता येतो.

आठ किलो लोखंड

दोन इंची, १.६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे बाजारात १६ गेज म्हणतात ती, पोलादी नळी मीटरला दोन किलोहूनही थोडी कमी भरते. इंजिनापासून शेपटापर्यंत चार मीटर धरले तरी सगळी नळी आठ किलोच्या आत. परदेशातून तयार आकाराचा पाइप मागवतो तेव्हा आपण या आठ किलोंचे पैसे भरत नाही. भरतो ते वळणांचे, खोक्याचे, विमानाच्या भाड्याचे आणि जकातीचे. वळणं इथे देता येतात.

त्यासाठी जुनी नळी हवी. कुजलेली असली तरी हवी. ती काढताना तुकडे झाले तर तारेने बांधून मूळ आकारात ठेवावेत. चांगला मिस्त्री काम हातात घेताना पहिल्यांदा हेच सांगतो:

“जुनी भंगारात टाकू नका हां. नवी हिच्यावरूनच करायची आहे.”

“पण हिच्यात तर भोकंच भोकं आहेत, मिस्त्री.”

“भोकं कोण बघतंय? मला हिची वळणं पाहिजेत.”

जुनी नळी हरवली असेल तर चेसिसखाली जाड तार वाकवून नमुना तयार करतात. अॅक्सल वरखाली होतो तेव्हा तो नळीला लागणार नाही, इंधनाची नळी आणि ब्रेकची नळी दूर राहील, सुट्या चाकाची जागा अडणार नाही, हे त्या तारेवरच ठरतं.

नळी वाकवण्याच्या तीन पद्धती आहेत. पाइप बेंडिंग मशीन असेल तर उत्तम. नसेल तर जुनी रीत: नळीत कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बुचांनी बंद करायची, गॅसच्या ज्योतीने वळणाची जागा लालबुंद करायची आणि हळूहळू वाकवायची. वाळू आतून आधार देते, म्हणून नळी चपटी होत नाही. वाळू पूर्ण कोरडी पाहिजे, कारण ओलीतली वाफ बूच उडवते. तिसरी पद्धत तयार एल्बो आणून सरळ तुकड्यांमध्ये जोडण्याची. सर्वांत स्वस्त मार्ग बहुधा हाच, कारण एखादा तुकडा चुकला तर तेवढाच बदलतो. नळीचा व्यास मात्र जुनाच ठेवावा. अरुंद नळीने इंजिन गुदमरतं आणि घाटात तापतं, आणि रुंद नळीने जुन्या इंजिनाला फायदा होत नाही, आवाज तेवढा वाढतो.

कुठे वाचवायचं, कुठे नाही

पाइपच्या जातीवर बरीच चुकीची बचत होते. पाणीपुरवठ्याचा जीआय पाइप घेऊ नये. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा धूर होतो आणि तो श्वासात गेला की वेल्डरला थंडीतापासारखा त्रास होतो. शिवाय दोन इंची मध्यम जाडीची ती नळी मीटरला पाच किलोच्या घरात जाते. एवढं वजन गाडीची लोंबती रबरं फार दिवस पेलत नाहीत.

पुढच्या तापणाऱ्या भागाला साधी काळी ईआरडब्ल्यू नळी पुरते. मागच्या गार, पाणी झेलणाऱ्या भागाला स्टेनलेस लावावं. किलोमागे स्टेनलेस तीन-चार पट महाग, पण मागचा तुकडा तीन-चार किलोंचा. दोन पावसाळ्यांनी पुन्हा रॅम्प, पुन्हा कटिंग, पुन्हा मजुरी यापेक्षा ते स्वस्तच पडतं. दुकानात चुंबक लावून बघण्याची पद्धत आहे, तिच्यावर पूर्ण विसंबू नये. ३०४ जातीला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण हलक्या २०२ जातीलाही तो चिकटत नाही. उलट ४०९ जातीला तो चिकटतो आणि तरी ती सायलेन्सरसाठी जगभर वापरली जाते. बिलावर जात लिहून घ्यावी. साधं पोलाद आणि स्टेनलेस यांचा जोड मारायला ३०९ जातीची वेल्डिंग सळई वापरतात, हेही कारागिराला आधीच विचारावं.

सायलेन्सरचा डबा म्हणजे आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून शमवणाऱ्या कप्प्यांचा आणि भोकांच्या नळ्यांचा संच. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रीव्ह्ज बंधूंनी १८९७ मध्ये मोटारीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, आणि मूळ तत्त्व तेव्हापासून फारसं बदललेलं नाही. म्हणून आपल्या गाडीच्याच नावाचा डबा हवा असा हट्ट नको. इंजिनाची क्षमता जवळपास सारखी असावी, आतबाहेरच्या नळ्यांचा व्यास जुळावा आणि डबा चेसिसखाली मावावा, इतकं पुरे. २.४ लिटरच्या डिझेल व्हॅनला ट्रॅव्हलरचा किंवा अडीच लिटरच्या बोलेरोचा नवा डबा चालू शकतो. भंगारातला जुना डबा मात्र घेऊ नये, तो आतून किती उरला आहे हे बाहेरून कळत नाही. मूळ डब्याचे आतले कप्पे शाबूत असतील तर वरचा कुजलेला पत्रा कापून १६ गेजच्या नव्या पत्र्याची खोळ चढवणं हा आणखी स्वस्त उपाय आहे. फोक्सवॅगनच्या आडव्या सायलेन्सरसारख्या वेगळ्या आकारांसाठी तोच बरा. डब्याच्या सगळ्यांत खालच्या जागी तीन मिलिमीटरचं एक भोक ठेवायला सांगावं. साचलेलं पाणी तिथून निथळतं.

आता जिथे वाचवायचं नाही त्या जागा. पहिली, मॅनिफोल्ड आणि डाउनपाइप यांच्यातलं गॅस्केट. ते दरवेळी नवंच. दुसरी, स्टड आणि नट. मॅनिफोल्डवर तांब्याचे किंवा पितळेचे नट घालावेत, ते गंजून अडकत नाहीत. तिसरी, इंजिनामागचा लवचीक तुकडा. इंजिन रबरांवर डुलतं आणि नळी चेसिसला टांगलेली असते. दोन्ही घट्ट जोडले तर मॅनिफोल्ड तडकतो आणि मॅनिफोल्ड मिळणं सगळ्यांत कठीण. चौथी, लोंबती रबरं. तीन मीटरची पोलादी नळी तीनशे अंश सेल्सिअसने तापली की सुमारे अकरा मिलिमीटर लांबते. तिला पुढेमागे सरकायला जागा हवी. नळी थेट चेसिसला वेल्ड करून टाकणारा कारागीर त्या दिवशी पैसे वाचवतो आणि पुढच्या चढणीवर जोड फोडतो.

कामाचा क्रम

फिरत्या घराखाली वेल्डिंग करणं धोक्याचं आहे, कारण वर प्लायवूडची जमीन, फोमच्या गाद्या आणि पडदे असतात. म्हणून स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर पहिल्यांदा गाडीबाहेर काढून दूर ठेवायचा. रेग्युलेटर बंद केला म्हणजे झालं असं मानायचं नाही. मग बॅटरीच्या तारा सोडायच्या. सौर पॅनेल आणि इन्व्हर्टर असतील तर त्यांच्याही. इंधनाच्या टाकीवर ओलं पोतं, हाताशी पाण्याची बादली आणि अग्निशामक, आणि आतल्या जमिनीवर लक्ष ठेवायला एक माणूस.

गंजलेले नट ओढून तोडू नयेत. आदल्या दिवशी त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. दुसऱ्या दिवशी मॅनिफोल्डचा नट ज्योतीने लाल करून गार होऊ द्यावा आणि मग थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवावा. मागचे क्लॅम्पचे बोल्ट सरळ कापून टाकावेत, तिथे वेळ घालवण्यात अर्थ नाही.

नवे तुकडे गाडीखाली जागेवर बसवून प्रत्येक जोडाला फक्त दोन-तीन टाके मारायचे. अॅक्सल खालीवर करून, चाकं वळवून काही घासत नाही ना हे बघायचं. मग अख्खी नळी खाली काढून मोकळ्या जागेत, जमिनीवर, चहूबाजूंनी पूर्ण वेल्ड करायची. यात आगीचा धोका कमी होतो आणि वरची बाजूही नीट भरते. गाडीखाली पाठीवर पडून केलेल्या वेल्डची वरची बाजू नेहमी अर्धवट राहते आणि धूर नेमका तिथूनच, जमिनीच्या फळ्यांकडे, गळतो. पातळ नळीला सीओटू वेल्डिंग किंवा गॅस वेल्डिंग बरं. साध्या आर्क वेल्डिंगने भोक पडायला वेळ लागत नाही.

मागचा डबा पुढे पुन्हा काढता यावा म्हणून एक जोड फ्लँजचा किंवा क्लॅम्पचा ठेवावा. एक नळी दुसरीत शिरणार असेल तर इंजिनाकडची आत आणि मागची बाहेर, म्हणजे धूर फटीवर आपटत नाही. शेवटी उष्णता सहन करणारा अॅल्युमिनियम रंग. नळी आणि लाकडी जमीन यांच्यामध्ये हवेची फट ठेवून एक पत्रा टांगावा. नळीला कापडी पट्टी गुंडाळू नये. आमच्या हवेत ती ओल धरून ठेवते आणि साधं पोलाद तिच्याखाली लपून कुजतं.

नियम काय सांगतात

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत यातल्या बऱ्याच गोष्टी आधीच लिहिल्या आहेत. नियम ११२ प्रमाणे धूर खाली किंवा डावीकडे सोडायचा नाही, मागे किंवा उजवीकडे सोडायचा. नियम ११३ प्रमाणे धुराची नळी इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत येता कामा नये. नियम १२० प्रमाणे प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच.

डावीकडे धूर का नको? आपल्याकडे डावीकडे पदपथ, थांबा आणि गाडीचं दार असतं. पण युरोपातून आलेल्या व्हॅनचं घरात शिरायचं दार बहुधा उजवीकडे असतं, कारण तिथे पदपथ उजवीकडे. अशा गाडीत मधूनच उजवीकडे नळी काढली तर नियम पाळला जाईल, पण धूर उंबऱ्याशी येईल. म्हणून परदेशी फिरत्या घराला सरळ मागे, उजव्या कोपऱ्यातून बाहेर काढलेली नळी हेच योग्य उत्तर.

पन्नास वर्षांवरच्या गाडीसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. तिचा क्रमांक ‘व्हीए’ मालिकेतला असतो. पण अशी नोंदणी घेतलेली गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तिच्यातून नेहमीचा प्रवास करायचा असेल तर हा विचार नोंदणीआधीच करावा. मूळ ढाच्यात मोठे बदल केलेली गाडी या नोंदणीत बसत नाही. बाहेरून दिसणारा टेलपाइप मूळ जागी, मूळ जाडीचा ठेवणं हे त्या दृष्टीनेही शहाणपणाचं.

पावसाळ्यातली गाडी

नवी नळी बसवली की तिचं आयुष्य ठरतं ते जून ते सप्टेंबर या महिन्यांत. गाडी बंद पडू नये म्हणून आठवड्याला दोन मिनिटं इंजिन चालवायची सवय अनेकांना असते. सायलेन्सरसाठी याहून वाईट काही नाही. दरवेळी थोडं पाणी तयार होतं आणि कधीच सुकत नाही. चालवायची तर म्हापशाहून अस्नोड्यामार्गे डिचोलीपर्यंत जाऊन यावं, म्हणजे शेपटापर्यंत नळी तापते आणि कोरडी होते. तेवढं जमत नसेल तर पावसाळाभर इंजिनाला हात लावू नये. पाऊस लागण्याआधी एक लांब फेरी करावी, गाडी शेडखाली लावावी, टेलपाइप गार झाल्यावर त्याचं तोंड बारीक जाळीने आणि कापडाने बांधावं आणि स्टिअरिंगला तशी चिठ्ठी लटकवावी. जाळी यासाठी की कुंभारीण माशी अशा नळीत मातीचं घर बांधते आणि उंदरांनाही ती जागा आवडते. बॅटरीची चिंता असेल तर ती काढून घरात चार्ज करावी.

चवथीनंतर गाडी बाहेर काढताना आधी ओल्या फडक्याची परीक्षा, मग जोडांवर नजर, मग लांब फेरी. त्या फेरीनंतर गाडी मोकळ्या जागेत उभी करून, इंजिन चालू ठेवून, दारंखिडक्या लावून आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ठेवावा आणि स्वतः बाहेर थांबावं. पलंगाच्या उंचीवर, मागच्या दाराशी आणि जमिनीतल्या प्रत्येक भोकाशी तो काही मिनिटं ठेवून बघावा. एकाही जागी वाजला तर त्या रात्री आत झोपायचं नाही, गळती सापडेपर्यंत नाही. या कामातला सगळ्यांत छोटा खर्च या अलार्मचा आहे, आणि हाताशी पैसे थोडेच असतील तर पहिली खरेदी त्याचीच करावी. पाइप, डबा, रंग यांना एक पगार थांबता येतं.